पन्नास टक्क्यांची तारीख

अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या थंड भागात घरामागे चार वाफे करणाऱ्याला पहिल्याच वर्षी एक तारीख तोंडपाठ होते. बियांच्या पाकिटामागे तिचा उल्लेख असतोच: बी घरात कुंडीत टाकायचं ते ‘लास्ट फ्रॉस्ट’च्या सहा-आठ आठवडे आधी, रोप बाहेर लावायचं ते ‘लास्ट फ्रॉस्ट’ होऊन गेल्यावर. मग शेजाऱ्याला विचारायचं, नर्सरीत विचारायचं, झिप कोड घालून शोधायचं आणि हाती आलेल्या तारखेभोवती फ्रिजवरच्या कॅलेंडरात लाल पेनाने गोल करायचा. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास, शिकागोच्या उपनगरांत, टोरांटोत ज्या मराठी घरांमागे उन्हाळ्यात दुधीचे मांडव आणि भेंडीच्या ओळी उभ्या राहतात, तिथेही एप्रिल-मे महिन्यातलं बोलणं याच तारखेभोवती फिरतं. ती सांगितली अशी जाते, जणू त्या दिवशी थंडी सामान बांधून गावाला जाणार आहे. माझं म्हणणं एवढंच, की ती तारीख नाहीच. ती एक शक्यता आहे. तिच्यावर दिवस आणि महिना छापलेला असतो म्हणून सगळे तिला तारीख समजतात, आणि बागेचं वेळापत्रक इथेच चुकायला लागतं.

मराठी वाचकाला हे पटायला जड जाऊ नये, कारण हाच पेच आपल्याकडे दर जूनमध्ये उभा राहतो. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागतं. ते कधी चुकत नाही, पाऊस मात्र चुकतो. म्हणून दरवर्षी कृषितज्ज्ञ बजावतात, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. तरीही कोणी धूळपेरणी करतो, कोणी पहिल्या दोन सरींना भुलतो, आणि पावसाने ओढ दिली की दुबार पेरणी कपाळी येते. पण धूळपेरणी करणारा अडाणी असतो असं मुळीच नाही. पाऊस वेळेवर आला तर त्याचं पीक इतरांच्या आठ-दहा दिवस पुढे असतं, आणि तेवढ्यासाठी तो बियाण्याचे पैसे पणाला लावतो. आपण काय लावतोय आणि काय गमावू शकतो, हे त्याला ठाऊक असतं. फ्रॉस्टच्या तारखेचा हिशेबही नेमका असाच आहे. फरक इतकाच, की लाल गोल करून बसलेल्या बागवानाला आपण पैज लावलीय याचा पत्ताच नसतो.

तारीख येते कुठून ते आधी पाहू. अमेरिकेत ‘नोआ’ ही सरकारी संस्था तीस वर्षांच्या नोंदींवरून हवामानाच्या सरासऱ्या काढते आणि दर दहा वर्षांनी नव्याने मांडते. सध्याचा संच १९९१ ते २०२० या वर्षांचा असून तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकेका केंद्रासाठी एक तारीख नसते, अख्खं कोष्टक असतं. आडव्या ओळींत तापमानाचे उंबरठे असतात, ३६, ३२, २८, २४ अंश फॅरनहाइट आणि त्याखालचे. उभ्या रकान्यांत दहापासून नव्वदपर्यंत टक्के. ३२ अंश म्हणजे शून्य सेल्सिअस. त्या ओळीतला पन्नास टक्क्यांचा रकाना तेवढा उचलला जातो आणि ‘लास्ट फ्रॉस्ट डेट’ म्हणून सर्वत्र फिरतो. त्याचा अर्थ असा, की दहापैकी पाच वर्षं त्या तारखेनंतरही पारा शून्याला टेकतो. नाणं उडवण्याइतकीच ही खात्री. त्याच ओळीत दहा टक्क्यांच्या रकान्याकडे गेलात तर तारीख बहुतेक ठिकाणी दोनेक आठवडे पुढे सरकते. समजा पन्नास टक्क्यांची तारीख २५ एप्रिल असेल, तर दहा टक्क्यांची ८-१० मेच्या आसपास येईल. १७९२ पासून निघणारं ‘ओल्ड फार्मर्स अल्मनॅक’ हे तिकडचं पंचांग तीस टक्क्यांचा रकाना वापरतं. त्यामुळे एकाच गावाच्या दोन ठिकाणी दोन तारखा सापडतात, आणि त्यातली खरी कोणती यावर वाद होतो. दोन्ही खऱ्याच असतात. टक्का वेगळा असतो, आणि तो कोणी छापत नाही.

फ्रॉस्टला मराठीत रोजच्या बोलण्यातला एकच एक शब्द नाही. दंव आहे, दहिवर आहे, गारठा आहे, पण दंव गोठून पानावर पांढरी साय धरते त्याला काय म्हणायचं, ही अडचण दख्खनला क्वचितच पडली. वर्तमानपत्रं ‘हिमकण’ म्हणतात, परदेशातले मराठी लोक सरळ फ्रॉस्ट म्हणतात. होतं असं, की निरभ्र, निवांत, कोरड्या हवेच्या रात्री जमीन आणि झाडं आपली ऊब आकाशाकडे सोडून देतात. वर ढग असले तर ते गोधडीसारखे ती बरीचशी परतवतात. आकाश उघडं असलं तर ती गेली ती गेलीच. पान पातळ, त्यात साठा थोडा, म्हणून ते भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. आता हवामान केंद्राचा थर्मामीटर असतो कुठे? झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर. त्यामुळे त्याच्यावर दोन-तीन अंश सेल्सिअस दिसत असताना खाली गवत गोठलेलं असू शकतं, आणि टोमॅटोचं वीतभर रोप गवताच्याच उंचीवर असतं. कोष्टकात ३६ अंश फॅरनहाइटची ओळ का ठेवली आहे, ते इथे कळतं. थंडीचा दुसराही प्रकार आहे: उत्तरेकडून वाऱ्याबरोबर गार हवेचा लोटच्या लोट येतो, तेव्हा ढग असोत की नसोत, सगळंच गारठतं. पहिल्या प्रकारात जुनी चादर रोप वाचवू शकते, दुसऱ्यात तिचा फारसा उपयोग होत नाही.

इजा कशी होते तेही जवळून पाहण्यासारखं आहे. पेशी फुटून पान मरतं असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बर्फ बहुधा आधी पेशींच्या बाहेरच्या फटींमध्ये धरतो आणि पेशींतलं पाणी ओढून घेऊ लागतो. पान आतून वाळतं, पेशींची आवरणं निकामी होतात, आणि सकाळी ऊन चढलं की हिरवं ताठ पान वाफवलेल्या पालकासारखं काळपट होऊन लोंबायला लागतं. पाणी अगदी शुद्ध असेल तर ते शून्याच्या बरंच खाली जाईपर्यंत गोठत नाही. पानांवर राहणारे काही जिवाणू बर्फाला बसायला पाट देतात आणि हे काम शून्याखाली दोन-तीन अंशांवरच उरकतात. हा गुण काढून टाकलेले जिवाणू १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्ट्रॉबेरीच्या शेतावर फवारून पाहिले गेले. जनुकीय फेरफार केलेले जीव उघड्या शेतात सोडण्याचा तो अगदी सुरुवातीचा परवानगीचा प्रयोग होता, आणि त्यावर गदारोळही तेवढाच झाला. बागेत आलं ते मात्र जुनंच शहाणपण: कोणतं झाड किती थंडी सोसतं हे ओळखून लावणं.

टक्क्याचा प्रश्न सुटला तरी जागेचा उरतो, कारण कोष्टकातला आकडा केंद्राचा असतो, तुमच्या परसाचा नसतो. गार हवा जड असते. ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट जागी साचते. याचा पुरावा पाहायला अटलांटिक ओलांडायला नको. महाबळेश्वरात थंडीच्या काही पहाटे वेधशाळेचा पारा चांगला पाच-सहा अंशांवर असतो, आणि तेव्हाच वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात दंव गोठलेलं असतं. बोट क्लबची लाकडी जेटी पांढरी होते, गाड्यांच्या टपांवरून हिमकण खरवडता येतात, स्ट्रॉबेरीची पानं कडक होतात. गाव तेच, रात्र तीच, तरी उंचसखल जागेमुळे दोन हवामानं. न्यू जर्सीच्या दक्षिणेकडचा पाइन बॅरन्सचा रेताड भागही असाच फसवा आहे. नकाशावर तो उत्तरेच्या टेकड्यांहून उबदार असायला हवा, पण कोरडी वाळू ऊब धरून ठेवत नाही, आणि निरभ्र रात्री तिथला पारा आजूबाजूच्या गावांच्या पुष्कळ खाली जातो. तिथल्या क्रॅनबेरीच्या शेतकऱ्यांना वसंतात रात्री उठून तुषार सिंचन सुरू करावं लागतं. पाणी गोठताना ऊब सोडतं, दर ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी, आणि पाणी पडत राहिलं तोवर बर्फाच्या आवरणातली कळी शून्याच्या खाली जात नाही. बर्फाने झाकून गोठण्यापासून वाचवणं, असा उफराटा उपाय.

याच मुद्द्यावरची एक जुनी नोंद थॉमस जेफरसनची आहे. हा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला गृहस्थ १७६६ पासून बागेची वही ठेवत होता. १७७४ च्या मेच्या सुरुवातीला व्हर्जिनियात असा फ्रॉस्ट पडला, की गहू, राय, मका, तंबाखूची रोपं, झाडांची पालवी सगळं गेलं. आसपासच्या परिसरात फळ उरलं नाही. मॉन्टिचेलोला मात्र निम्मंच गेलं, आणि त्याआधी तिथे थंडीने फळ गेल्याची त्याला आठवण नव्हती. मॉन्टिचेलो म्हणजे टेकडीवरचं घर. गार हवा उतरून खाली गेली आणि बाग वर राहिली. पुढे त्याने आग्नेय उतारावर सुमारे ३०० मीटर लांबीची सपाटी कोरून घेऊन भाजीची बाग केली. कोरली अर्थातच गुलाम माणसांनी, वही लिहिली मालकाने. जागा मात्र अचूक निवडलेली होती. शेजाऱ्यांशी त्याची दरवर्षी पैज असायची, की मटार सगळ्यांत आधी कोणाच्या ताटात येतो. ज्याचा आधी येईल त्याने सगळ्यांना जेवायला बोलवायचं.

पैजेसाठी मटार निवडला, टोमॅटो नाही, याला कारण आहे. मटार, पालक, मुळा, कोथिंबीर हलका फ्रॉस्ट सहज सोसतात. त्यांच्यासाठी ३२ अंशांची ओळ पाहणं म्हणजे उगाच धास्ती घेणं. २८ अंशांची, म्हणजे उणे दोन सेल्सिअसच्या जवळची ओळ पाहावी, आणि तीही पन्नास टक्क्यांची. फार तर काय जाईल? मूठभर बी. टोमॅटोचं रोप मात्र दोन महिने खिडकीत, दिव्याखाली जपलेलं असतं, आणि एका रात्रीत जातं. तिथे दहा-वीस टक्क्यांचा रकाना धरणं शहाणपणाचं. शिवाय टोमॅटो लवकर लावून मिळतं काय? माती १५-१६ अंश सेल्सिअसच्या खाली असली की मुळं चालत नाहीत, आणि रात्री १३ अंशांखाली उतरत असल्या की फळधारणा नीट होत नाही. रोप मरत नाही, नुसतं रुसून बसतं. पंधरा दिवस मागाहून लावलेलं रोप त्याला जूनमध्ये गाठतं. म्हणजे या पैजेत हरलो तर सगळं जातं आणि जिंकलो तरी हाती फारसं लागत नाही. ही पैज लावूच नये. ज्याला हौस आवरत नाही त्याने निम्मी रोपं बाहेर लावावीत आणि निम्मी आत राखावीत. दुबार पेरणीची तयारी आधीच घरात ठेवलेली बरी.

भेंडी, दुधी, कारली, गवार यांचं प्रकरण तर आणखी पुढचं. भेंडीचं बी गार, ओल्या मातीत उगवायच्या आधी कुजतं. तिला माती निदान १८ अंश हवी, वीस-बावीस असेल तर उत्तम. हवेतला फ्रॉस्ट संपल्यावरही माती तिथवर तापायला काही आठवडे जातात. त्यामुळे आपल्या उन्हाळी भाज्यांसाठी लास्ट फ्रॉस्टची तारीख ही वाट पाहायची तारीखच नाही. दहा टक्क्यांची तारीख उलटून गेल्यावरही मातीचा साधा थर्मामीटर सकाळी वाफ्यात खुपसून पाहणं जास्त कामाचं. शेतकरी वापसा पाहतो तो मुठीत माती दाबून, कॅलेंडर पाहून नाही. इथेही तीच रीत.

यावर कोणी म्हणेल, एवढा टक्क्यांचा खटाटोप कशाला? सरळ मेअखेरपर्यंत थांबावं, सगळंच सुरक्षित. टोमॅटो आणि भेंडीपुरता हा सल्ला वाईट नाही, पण सगळ्या बागेला तो लावला तर थांबण्याचीही किंमत मोजावी लागते. मटाराची फुलं उन्हाळा तापला की गळतात. पालक आणि कोथिंबीर दिवस मोठे आणि गरम झाले की पानं सोडून तुऱ्यावर येतात. मेअखेरीस पेरलेली कोथिंबीर जुलैत धणे देईल, जुडी देणार नाही. कॅलगरीसारख्या ठिकाणी फ्रॉस्टमुक्त काळच जेमतेम चार महिन्यांचा. तिथे शंभर दिवसांचं पीक लावणाऱ्याने तीन आठवडे सुरक्षिततेवर घालवले तर शरदातला फ्रॉस्ट ते वसूल करून घेतो. सावध माणूसही पैज लावतच असतो, फक्त त्याची पैज दुसऱ्या टोकाच्या थंडीशी असते.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे: खिशात दहा दिवसांचा अंदाज असताना तीस वर्षांच्या सरासऱ्या कोणाला हव्यात? अंदाज हवाच, आणि रोप बाहेर काढायचं की नाही हे त्या आठवड्याच्या अंदाजावरूनच ठरवावं. पण मिरचीचं बी मार्चमध्ये टाकायचं की फेब्रुवारीत, हे मेच्या अंदाजावरून ठरवता येत नाही. आठ आठवडे आधीचा निर्णय सरासरीवरच घ्यावा लागतो, आठ दिवस आधीचा अंदाजावर, आणि आठ तास आधीचा, म्हणजे चादर घालायची की नाही हा, संध्याकाळी अंगणात उभं राहून. आकाश उघडं, वारा पडलेला, हवा कोरडी असेल आणि फोन तीन अंश म्हणत असेल, तर वेण्णा तलाव आठवावा. दोन-तीन वर्षं बागेच्या सगळ्यांत खालच्या कोपऱ्यात किमान-कमाल थर्मामीटर ठेवून जवळच्या केंद्राशी ताडून पाहिलं, तर आपला फरक किती हे कळतं. तो फरक कोणत्याही कोष्टकात सापडणार नाही.

लावणीची वेळ झोनच्या नकाशावरून काढण्याचा गोंधळ मात्र थोडक्यात निस्तरता येतो. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हा नकाशा देशाचे तेरा पट्टे पाडतो आणि त्याची ताजी आवृत्ती २०२३ ची आहे. तो एकच गोष्ट सांगतो: वर्षातली सगळ्यांत थंड रात्र सरासरीने किती थंड असते. डाळिंबाचं किंवा अंजिराचं झाड हिवाळा काढेल का, हे त्यावरून कळतं. टोमॅटो कधी लावायचा, हे कळत नाही. सिॲटल आणि टेक्सासमधलं ऑस्टिन या नकाशावर जवळपास एकाच रंगात येतात. ज्याने दोन्हीकडचा जुलै पाहिलाय त्याला यापुढे काही समजावायला नको.

कोष्टकं नव्हती तेव्हा लोक काय करत होते? जर्मनीत ‘बर्फाळ संत’ म्हणून ११ ते १५ मे या दिवसांचे संत आहेत, आणि शेवटच्या सोफीचा दिवस झाल्याशिवाय नाजूक रोप बाहेर काढायचं नाही असा संकेत आहे. कॅनडात व्हिक्टोरिया डे, न्यू इंग्लंडात मेमोरियल डे, काही ठिकाणी मदर्स डे अशा सुट्ट्या त्याच कामी येतात. संतांच्या बाबतीत गंमत अशी, की १५८२ मध्ये ग्रेगरीच्या सुधारणेने कॅलेंडर दहा दिवस पुढे ढकललं. संत आपल्या तारखांना चिकटून राहिले, थंडी मात्र होती तिथेच राहिली. तरीही हे संकेत मला कोष्टकाच्या पन्नास टक्क्यांपेक्षा सरस वाटतात, कारण त्यांनी नकळत दहा टक्क्यांच्या जवळची, उशिराची तारीख धरली आहे. हात पोळलेल्या माणसांनी ती ठरवलेली दिसते. दुसरी पद्धत तारखेला हातच लावत नाही. ओकची पालवी खारीच्या कानाएवढी झाली की मका पेरावा, असं न्यू इंग्लंडात म्हणतात. झाड साठत गेलेली ऊब मोजतं आणि त्याच बागेतली मोजतं, म्हणून मातीच्या तापमानाचा अंदाज त्यावरून बरा येतो. पुढे शास्त्रज्ञांनीही लायलॅकच्या फुलण्याच्या नोंदी गावोगावच्या लोकांकडून १९५० च्या दशकापासून पद्धतशीर जमवल्या. पण ओकही फसतो. त्याला गेलेल्या दिवसांची ऊब कळते, येणारी रात्र कळत नाही.

आता सगळ्यांत जोरकस आक्षेप: पृथ्वी तापते आहे, मग फ्रॉस्टची भीती आपोआप कमी होणार नाही का? सरासरी खरंच सरकली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तुलनेत अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचा लागवडीचा हंगाम सरासरी दोन आठवड्यांहून अधिक वाढला आहे. पण नुकसान सरासरीने होत नाही, ते एका रात्रीने होतं. २०१२ च्या मार्चमध्ये मिशिगनात हिवाळ्याच्या शेवटी पारा २५ अंश सेल्सिअसच्या वर गेला, चेरी आणि सफरचंदांनी वेळेच्या किती तरी आधी कळ्या उघडल्या, आणि एप्रिलमधल्या अगदी नेहमीच्या फ्रॉस्टने आंबट चेरीचं आणि सफरचंदाचं सुमारे नव्वद टक्के पीक नेलं. २००७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात हेच घडलं होतं, गरम मार्चनंतरची गोठण, आणि नुकसान दोन अब्ज डॉलरांच्या वर. या दोन्ही वर्षी थंडी फार उशिरा आली असं नाही. झाडं फार लवकर जागी झाली. परसातल्या माणसाला यातून घ्यायचं ते हे, की गरम मार्च हा लवकर लावण्याचा कौल समजू नये. टक्का बदलला असेल, पण तो शून्य झालेला नाही. आणि नर्सरीत टोमॅटोची रोपं एप्रिलमध्ये विकायला येतात ती गिऱ्हाइकाच्या उतावीळपणाकडे पाहून, मातीकडे पाहून नाही.

शरदातली गणितं वेगळी आणि माझ्या मते जास्त रंजक आहेत. पहिल्या फ्रॉस्टच्या तारखेपासून उलटं मोजायचं: पिकाला लागणारे दिवस, अधिक मावळत्या उन्हाचे म्हणून साधारण चौदा. गाजराला ७० दिवस लागत असतील आणि तारीख २० ऑक्टोबर असेल, तर पेरणी २८ जुलैच्या सुमारास. भर उन्हाळ्यात, टोमॅटो लालबुंद होत असताना, हिवाळ्याची गाजरं पेरायची हे कोणालाच सुचत नाही, आणि म्हणून सप्टेंबरमध्ये वाफे रिकामे दिसतात. इथे पैजही उलट फिरते. गाजर, केल, कोबी यांना पहिला फ्रॉस्ट मारत नाही, गोड करतो. थंडी लागली की ती झाडं साठवलेल्या पिठाची साखर करतात आणि साखरेचं पाणी लवकर गोठत नाही. अनेक ठिकाणी पहिल्या फ्रॉस्टनंतर पंधरवडाभर हवा पुन्हा छान राहते, त्यामुळे ती एक रात्र चादरीखाली काढली की मिरच्या आणि टोमॅटो आणखी दोन आठवडे मिळतात. चादर संध्याकाळी, ऊन असतानाच घालायची, आणि जमिनीपर्यंत सोडायची. झाडाला गळ्याशी बांधलेली चादर कुचकामाची, कारण ऊब झाडातून येत नाही, मातीतून येते. माती ओली असेल तर तीत ऊब अधिक साठते. निफाडचे द्राक्षबागायतदार कडाक्याच्या थंडीत पहाटे ठिबक चालू ठेवतात आणि बागेत शेकोट्या पेटवतात त्यामागे हाच हिशेब आहे.

थंडीवर मात केली तरी उजेडावर करता येत नाही, आणि हे दख्खनच्या माणसाच्या अंगवळणी नाही. मेन राज्यात हार्बरसाइडला इलियट कोलमन यांनी कापडाच्या आणि प्लॅस्टिकच्या आवरणांखाली बर्फातही भाजी पिकवून दाखवली. आवरणाचा एक थर म्हणजे बाग ५०० मैल दक्षिणेला नेल्यासारखं, असं ते म्हणतात. पण त्यांनीच हेही नोंदवलं, की दिवस दहा तासांहून लहान झाला की झाडं जिवंत राहतात, वाढत मात्र नाहीत. त्यांच्या अक्षांशावर हा काळ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पुण्यात वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशीही जवळजवळ अकरा तास उजेड असतो; मेथी डिसेंबरमध्येही तरारते ती त्यामुळे. तिकडे मात्र पालक नोव्हेंबरच्या आधीच पुरता वाढवून ठेवायचा आणि मग पेटीतल्या धान्यासारखा लागेल तसा काढायचा.

आणि जी झाडं उष्ण प्रदेशाचीच आहेत त्यांनी फ्रॉस्टची वाटही पाहू नये. कढीपत्ता आणि तुळस दहा अंशांखालच्या रात्रींनीच कुरकुरायला लागतात. त्यांच्या कुंड्या न्यू जर्सीत सप्टेंबरअखेरीस घरात आलेल्या बऱ्या, पहिला फ्रॉस्ट तेव्हा आठवडे दूर असला तरी. हिरवे पण पूर्ण पोसलेले टोमॅटो आदल्या संध्याकाळी उतरवून कागदात गुंडाळले तर घरात पिकतात. न पोसलेल्यांची चटणी करावी, दाण्याचा कूट घालून.

लसणाचं मात्र सगळ्यांहून निराळं. बाकी बाग आवरली, वाफे काळे पडले, की पहिल्या फ्रॉस्टनंतर आणि जमीन गोठायच्या आधी लसणाच्या पाकळ्या टोक वर करून दोन-तीन इंच खाली लावायच्या आणि वर गवताचं जाड आच्छादन घालायचं. गोठेपर्यंत मुळं धरतात, पात बहुधा वसंतातच दिसते, आणि जुलैत गड्डे निघतात. थंडीचे काही आठवडे मिळाले नाहीत तर त्याला पाकळ्याच पडत नाहीत. कांद्यासारखा एकच गोळा निघतो.